एका जीपचा जीर्णोद्धार

जुन्या वस्तूंवर प्रेम करणारी माणसे दोन जातींची असतात. काहींना जुनी वस्तू पाहायला आवडते. काहींना ती वापरायला आवडते. आजीच्या वेळची पितळी समई पहिल्या जातीचा माणूस काचेच्या कपाटात ठेवतो आणि पाहुण्यांना दुरून दाखवतो. दुसऱ्या जातीचा माणूस ती चिंचेने घासतो, तिच्यात तेल घालतो आणि तिन्हीसांजेला लावतो. प्रेम दोघांचेही खरेच. पण खुद्द समईला विचारले असते, तर तिने कोणाचे घर पसंत केले असते, ह्याविषयी माझ्या मनात कधी संदेह नव्हता. मात्र हाच प्रश्न एका मोटारगाडीच्या बाबतीत, आणि तोही कायद्याच्या भाषेत, मला सोडवावा लागेल असे वाटले नव्हते. निवृत्त झाल्यावर चंडीगडच्या सेक्टर २२ मध्ये राहून मी १९६७ सालची एक जीप विकत घेतली आणि तो प्रश्न दारात येऊन उभा राहिला.

सेक्टर २२ मध्ये राहून जीप घेणे ह्यातच एक विसंगती आहे. चंडीगडमध्ये अगदी आरंभी बांधल्या गेलेल्या सेक्टरांपैकी हे एक. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू ह्या इंग्रज वास्तुविशारद दांपत्याचा हात येथल्या घरांवरून, शाळांवरून, दुकानांच्या ओळीवरून फिरलेला आहे. येथले किरण चित्रपटगृह फ्राय ह्यांनी रेखाटले. साऱ्या शहराचा आराखडा करणारे ल कॉर्ब्युझिए ह्यांनी तर रस्त्यांनाही अनुक्रमांक दिले. परगावाहून येणारा हमरस्ता तो पहिला. दुकानांपुढून जाणारा चौथा. घराच्या दाराशी येऊन थांबणारा सहावा. आणि हिरवळीतून जाणारी पायवाट ती सातवी. आमची गल्ली सहाव्या क्रमांकाची. घरे रेखाटली गेली तेव्हा येथल्या कारकुनाच्या दारी फार तर सायकल असेल, अशीच कल्पना असावी. कारण घराला जाळीदार विटांची सुंदर भिंत आहे, पण मोटारीला निवारा नाही. अशा ह्या क्रमांकबद्ध गल्लीत मी आणून ठेवली ती गाडी मुळात रस्ताच नसेल तेथे जाण्यासाठी जन्मलेली. १९४१ साली अमेरिकेत विलिस कंपनीने ती लष्करासाठी बांधू घातली, तेव्हा चिखल, वाळू आणि ओढे हाच तिचा राजमार्ग ठरलेला होता.

माझ्या पिढीच्या मराठी मुलाला जीप म्हणजे सरकार. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि पुढे गटविकास अधिकाऱ्याबरोबर जीप खेड्यापाड्यांत पोहोचली. गावाच्या शिवेवर धुरळा दिसला की आम्ही पोरे धावत सुटत असू. आतून कधी हिवतापाचे फवारे उतरत, कधी लस टोचणारी बाई. पाच वर्षांनी एकदा कर्णा लावून उमेदवार येई. पुढे सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ह्याच गाडीची 'वडाप' झाली आणि मावतील त्याहून चार माणसे अधिक घेऊन ती बाजाराला जाऊ लागली. पंजाबात मात्र तिची ओळख निराळी. येथे ती शेतकऱ्याच्या मानाची आणि सैनिकाच्या पराक्रमाची खूण आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळच्या असल उत्तर गावी अब्दुल हमीद ह्या हवालदाराने पॅटन रणगाड्यांना तोंड दिले, ते उघड्या जीपवर बसवलेल्या तोफेने. त्याला तेथेच वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जीपला पोलादी कवच नसते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या धैर्याचे माप थोडेबहुत कळते.

ह्या दोन्ही प्रांतांना जोडणारा एक धागा मला गाडी घेतल्यानंतरच दिसला. भारतात जीप बांधणारी कंपनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी निघाली ती लुधियानात, म्हणजे येथून सुमारे शंभर किलोमीटरवर. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद अशी ती भागीदारी होती. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, १९४८ साली कंपनीच्या नावातील 'महंमद' जाऊन तेथे दुसरे 'महिंद्र' आले. जीपची बांधणी मुंबईत होऊ लागली. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डावर पत्र्याची एक पट्टी आहे आणि तीवर 'बॉम्बे' असे उमटवलेले आहे. म्हणजे लुधियानात ठरलेला बेत मुंबईच्या मराठी हातांनी पुरा केला आणि पुन्हा पंजाबात पाठवला. पोटापाण्यासाठी मुंबई सोडून उत्तरेकडे आलेल्या माणसाला अशी पट्टी वाचून काय वाटले असेल, ते ह्या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

जीप सापडली ती खरड आणि मोरिंडा ह्यांच्या दरम्यानच्या एका शेतावर, तुतीच्या झाडाखाली. अकरा वर्षे ती तेथून हलली नव्हती. मालक वयाने माझ्याहून वडील असे सरदारजी. मेक्सिकोहून १९६६ साली १८,००० टन गव्हाचे बियाणे आपल्या देशात आले. त्या नव्या गव्हाच्या पहिल्या बरकतीत त्यांच्या वडिलांनी ही गाडी घेतली होती. गाडीला गिऱ्हाइके पुष्कळ येऊन गेली होती. कोणाला ती कापून, रुंदावून, रंगवून लग्नाच्या वरातीसाठी हवी होती. कोणाला हॉटेलच्या दारात शोभेला. सरदारजींनी किंमत सांगण्याआधी मला एकच प्रश्न विचारला : "बाऊजी, चलाओगे जां सजाओगे?" चालवणार की सजवणार? मी म्हटले, "चालवणार." त्यानंतर घासाघीस झालीच नाही. सौदा करण्याची माझी इच्छा नव्हती असे नव्हे. पण एकदा शब्द दिल्यावर वीसपंचवीस हजारांवरून हुज्जत घालणे मला जमेना.

जुनी जीप घेताना डोळे उघडे ठेवावेत, हा धडा आपल्या देशाने स्वातंत्र्याच्या पहिल्याच वर्षात घेतलेला आहे. काश्मीरची लढाई चालू असताना १९४८ साली लंडनमधील आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन ह्यांनी लष्करासाठी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा करार केला. आल्या त्या १५५. आणि त्या कामाच्या नाहीत असे आढळले. संसदेत बराच गदारोळ झाला आणि १९५५ साली सरकारने ते प्रकरण मिटवले. म्हणून इंजिन पाहण्याआधी मी कागद पाहिले. ह्या भागात ही खबरदारी विशेष घ्यावी लागते. हरियाणाच्या टोकाला मंडी डबवाली नावाचे गाव आहे; तेथले कारागीर लष्करी लिलावातून आलेल्या सुट्या भागांवरून सबंध जीप बांधून देण्यात तरबेज. त्यांच्या हातांची किमया मान्य केलीच पाहिजे. पण अशा गाडीला जन्म असतो, जन्मदाखला नसतो. माझ्या गाडीचे नोंदणीपुस्तक जीर्ण होते, तरी त्यातील चॅसिसचा क्रमांक आणि सांगाड्यावर कोरलेला क्रमांक एकच होता. तेवढे पुरेसे होते.

गाडी ओढून मनीमाजऱ्याच्या मोटार बाजारात नेली. तेथे एका वृद्ध मिस्त्रींनी ती पाहिली. सारा बाजार त्यांना उस्तादजी म्हणतो. मीही म्हणू लागलो. अकरा वर्षे न फिरलेल्या इंजिनाला बॅटरी जोडून बळाने फिरवायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. त्यांनी प्लग काढले, चारही सिलिंडरांत डिझेल आणि इंजिनाचे तेल मिसळून ओतले आणि मला सांगितले, "आठ दिवस येऊ नका." नवव्या दिवशी त्यांनी पुढच्या जाळीतून लोखंडी हँडल घातले आणि हलक्या हाताने दाब दिला. प्रथम काहीच झाले नाही. मग हँडल इंचभर सरकले, मागे आले, पुन्हा सरकले आणि अखेर एक पुरा फेरा झाला. इंजिन सुरू झाले नव्हते. ते नुसते मोकळे झाले होते. पण दवाखान्यात निश्चल पडलेल्या माणसाने बोट हलवावे आणि भोवतालच्यांनी एकमेकांकडे पाहावे, तसे आम्ही पाहिले.

ह्या जीपचे बॉनेट इतर जुन्या जीपांहून उंच आहे आणि त्यामुळे तिचा चेहरा काहीसा घोड्यासारखा दिसतो. त्याचे कारण आत आहे. हवा आणि पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा ह्या इंजिनात माथ्यावर बसवलेल्या आहेत आणि धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा खाली, बाजूला. माथा उंच झाला म्हणून झाकण उंच करावे लागले. अमेरिकेत हा नमुना १९५३ साली निघाला आणि १९६८ साली बंद पडला. आपल्याकडे तो पुढेही कित्येक वर्षे निघत राहिला. सुमारे २,२०० घन सेंटिमीटरचे इंजिन आणि सत्तरएक अश्वशक्ती. आजच्या लहानशा मोटारीलाही त्यात फुशारकीसारखे काही वाटणार नाही. पण ही ताकद धावण्यासाठी नसून ओढण्यासाठी आहे.

पुढचे चौदा महिने कसे गेले ते तपशिलाने सांगत बसत नाही. काही गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. तिच्यात गंज होता. टाकी उतरवून, आत बारीक खडी आणि साखळी घालून ती तासन् तास हलवली, तेव्हा विटकरी चिखल बाहेर पडला. इंधनाच्या रबरी नळ्या सर्व बदलल्या. जुन्या वाईट होत्या म्हणूनच नव्हे, तर पेट्रोलच आता जुने राहिलेले नाही म्हणून. त्यात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले, आणि इथेनॉल हवेतील ओल ओढते व जुन्या जातीचे रबर खाते. ब्रेकच्या बाबतीत उस्तादजींनी कसलीच काटकसर करू दिली नाही. ह्या गाडीत चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलाच्या दाबावर चालतात. एका चाकाशी गळती झाली तर चारही जातात. "बाऊजी, चालली नाही तर ढकलता येते," ते म्हणाले, "थांबली नाही तर काय करणार?" कमानींचे पाटे सुटे करून, घासून, ग्रीस लावून पुन्हा बांधले. चासीवरचा रंग खरवडला तेव्हा खाकी, पोपटी, निळा, पुन्हा खाकी असे थर निघाले.

चार चाकांच्या ओढीची यंत्रणा हा ह्या गाडीचा प्राण. चालकाच्या उजव्या-डाव्या हातांना येथे एकाऐवजी तीन दांडे असतात. पहिला नेहमीचा गिअरचा. दुसरा ओढला की एरवी नुसती वळणारी पुढची चाकेही ओढू लागतात. तिसरा वेग उतरवून जोर वाढवतो. साध्या डांबरी रस्त्यावर दुसरा दांडा ओढू नये, हे नव्या माणसाला पटत नाही. पण वळण घेताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा मोठा फेर घ्यावा लागतो. वाळूत किंवा चिखलात चाके घसरून तो फरक भागतो, डांबरावर ती घसरत नाहीत आणि सारा ताण दंतचक्रांवर येतो. म्हणजे सर्व बळ एकदम लावणे हे केवळ कठीण जागेसाठीच योग्य. सोप्या जागी ते स्वतःलाच मोडते. ह्यावरून उपदेश करण्याचा मोह होतो, पण तो मी आवरतो.

उस्तादजींचा आणि माझा मतभेद एकाच ठिकाणी झाला. पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवावे, टायर रुंद घ्यावेत, आसने नव्या गाडीची लावावीत, असा त्यांचा सल्ला होता. तो वावगा नव्हता. खर्च वाचला असता आणि सुटे भाग शोधण्यासाठी दिल्लीच्या काश्मिरी गेटपर्यंत माणूस पाठवावा लागला नसता. पण एक तर कायदा आडवा येत होता. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत असे बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत सांगितले आहे. दुसरे, मला मूळची गाडीच हवी होती. त्यावर उस्तादजींनी हसून हिशेब मांडला. तारा नव्या, नळ्या नव्या, ब्रेक नवे, पिस्टनच्या कड्या नव्या, टायर नवे, तळाचा पत्रा नवा. "ह्यात मूळचे ते कोणते, बाऊजी?"

हा प्रश्न पंजाबला नवा नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ह्याच भूमीवर मिलिंद नावाचा ग्रीक राजा राज्य करीत होता. त्याची सागल नगरी म्हणजे आजचे सियालकोट असे मानतात. औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाचे नाव ह्या राजावरून, आणि त्या परिसराचे 'नागसेनवन' हे नाव त्याला निरुत्तर करणाऱ्या भिक्षूवरून. म्हणून मराठी माणसाला ही जोडी परकी नाही. तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय, असे नागसेनाने राजाला विचारले. आस म्हणजे रथ काय? चाके? जू? सांगाडा? प्रत्येक प्रश्नाला राजाला 'नाही' म्हणावे लागले, आणि हे सारे मिळून होणाऱ्या गोष्टीला व्यवहारापुरते रथ हे नाव आहे, येथे तो येऊन पोहोचला. मी उस्तादजींना ही कथा सांगितली. ती त्यांना आवडली. मात्र ते म्हणाले की तो राजा मोटार वाहन निरीक्षकापुढे उभा राहिला नव्हता.

आणि खरोखर, निरीक्षकाचे उत्तर नागसेनाहून वेगळे निघाले. त्याने चॅसिसवरच्या क्रमांकावर कागदाची पट्टी दाबून धरली, तीवर शिसपेन्सिल घासली आणि अक्षरे उमटली तशी फाइलीला लावली. सरकारच्या दृष्टीने तो बोटभर कोरीव लोखंडाचा तुकडा म्हणजे माझी जीप. बाकी सारे परिवर्तनशील. तत्त्वज्ञानाने नाकारलेला आत्मा कायद्याने असा सापडवून दिला.

पण खरी निवड पुढेच होती. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग केला. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. मुदत दहा वर्षे. क्रमांकात 'व्हीए' ही मानाची अक्षरे. अट अशी की गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची शर्यत, संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर निघेल. दुसरा मार्ग साधा : पंधरा वर्षांवरील कोणत्याही खाजगी गाडीप्रमाणे दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यायची. ह्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले आणि पुढेही वाढले. त्यात भर अशी की पंजाब आणि चंडीगड ही १ नोव्हेंबर १९६६ पासून कागदोपत्री परकी. तीस किलोमीटरवरून आणलेल्या गाडीला 'ना हरकत' दाखला हवा. स्नेही म्हणाले, मानाचा क्रमांक घ्या. गाडीची किंमत वाढेल. ते खरेही होते.

जुन्याची किंमत उशिरा कळणे म्हणजे काय, हे ह्या शहराइतके कोणाला ठाऊक नसेल. पिएर जानरे ह्यांच्या वेळच्या लाकडी खुर्च्या येथल्या कचेऱ्यांनी वर्षानुवर्षे भंगारात काढल्या. त्याच परदेशांतील लिलावांत लाखोंना विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा २०११ साली केंद्राला त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. जानेवारी २०२३ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने आमच्या सेक्टरासह पहिल्या टप्प्यातील सेक्टरांत एका घराचे तुकडे करून सदनिका पाडण्यास मनाई केली. शहराचे मूळ रूप राहिले पाहिजे म्हणून. हे सारे योग्यच आहे. पण ह्याच शहरात नेकचंद नावाचा बांधकाम खात्यातील एक रस्ते निरीक्षक होऊन गेला. त्याने फुटक्या बांगड्या, चिनी मातीच्या ठिकऱ्या आणि शहरासाठी पाडलेल्या खेड्यांचे अवशेष गोळा करून, कोणाला न सांगता, रॉक गार्डन उभारले. १९७६ पासून ते लोकांना खुले आहे. त्याने भंगार जपले नाही, कामाला लावले. खुर्ची लिलावात जपली गेली, पण तीवर आता कोणी बसत नाही. माझ्या मनात ह्या दोन गोष्टींची तुलना चालली असताना सरदारजींचा प्रश्न मध्येच येई, आणि मानाच्या क्रमांकाचा अर्ज भरण्यासाठी उघडलेले पेन मी मिटून ठेवी.

मी साधी नोंदणी घेतली. बाजारभावाच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा. घरातून शेराही आला : "अहो, शोभेला ठेवली असती तर महिन्यातून एकदा फडका मारून भागले असते." आता दर शनिवारी ती सेक्टर २२ च्या बाजारातून भाजी आणते, पावसात गळते, पेट्रोल पुष्कळ पिते आणि थंडीत सहजी सुरू होत नाही.

गेल्या हिवाळ्यात सरदारजींना घेऊन शिवालिकच्या पायथ्याशी गेलो. तेथे पावसाळी ओढ्यांना 'चो' म्हणतात. पावसाळ्यात क्षणात भरतात आणि एरवी नुसत्या वाळूचे पट्टे असतात. मागची चाके वाळूत बसली तेव्हा सरदारजींनी माझ्याकडे न पाहता हात पुढे केला आणि दुसरा दांडा स्वतःच ओढला. पुढच्या चाकांनी वाळू पकडली. गाडी थोडी थरथरली आणि चढून वर आली. तोंडाने ते काही बोलले नाहीत. परतताना मात्र आपण चालवतो म्हणाले.

नोंदणीची पाच वर्षांची मुदत संपण्याची तारीख मी दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे. त्या वेळी दिवे, ब्रेक, धूर, सुकाणू सारे पुन्हा तपासले जाईल. माझीही तपासणी डॉक्टर हल्ली साधारण ह्याच क्रमाने करतात. दोघांपैकी कोणाला मुदतवाढ सुलभ मिळेल ते सांगवत नाही. पण तोवर भाजी आणायची आहे.